हात पाण्यात घालण्याआधी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी खाऱ्या पाण्याचा फिश टँक कशाला बाळगावा? प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर घरात बसून काय करायचं म्हणून सुरू केला, एवढंच त्याचं उत्तर. पण त्या टँकने आम्हाला जे शिकवलं ते सांगायला आज उभे आहोत.

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करू. टँकमधले दंश करणारे जीव साधारण दोन प्रकारचे. एक काटा टोचणारे, दुसरे नुसत्या स्पर्शाने भाजल्यासारखं करणारे. काटेवाल्यांत लायनफिश सगळ्यांत देखणा. त्याच्या पाठीवर सहसा तेरा, पोटाच्या परांना दोन आणि मागे खाली तीन असे अठरा विषारी काटे असतात. काट्याला खाच असते, खाचेत विषाची ग्रंथी, वरून पातळ त्वचेचं आवरण. काटा आत घुसला की आवरण मागे सरकतं आणि विष जखमेत उतरतं. म्हणजे सापासारखं विष सोडायचं की नाही हे त्याच्या हातात नाही, आपणच दाबून ते काढून घेतो. आपल्या कोकणातल्या कोळ्यांना हे नवीन नाही. जाळ्यातून शिंगाळा सोडवताना किंवा पाकटाची शेपटी दिसली की ते कसे जपून हात घालतात ते पाहा. मासा मेलेला असला तरी जपतात, आणि ते बरोबर आहे. मेलेल्या लायनफिशचा काटासुद्धा टोचला तर विष बाधतं.

दुसरा प्रकार समुद्रफुलांचा, म्हणजे सी ॲनिमोनचा. जेलीफिशही ह्याच कुळातले. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात ना, तेही ह्यांचेच भाऊबंद. ह्यांच्या शुंडकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. कुपीतला दाब दीडशे वातावरणांच्या घरात असतो, आणि स्पर्श होताच धागा डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी सुटतो. ह्या जीवाला मेंदू नाही. त्यामुळे ‘तो आता आपल्याला ओळखतो’ असं कोणी म्हणालं तर हसावं आणि हात बाहेर ठेवावा.

आता आमची फजिती. आमच्याकडे एक समुद्रफूल होतं. बोटांनी त्याला कितीदा तरी हात लावला, नुसतं चिकट लागायचं. एकदा मनगटाच्या आत लागलं, थोडी खाज आली, गेली. आम्ही निष्कर्ष काढला, आपल्याला ह्याचं काही होत नाही. तीस वर्षं वर्गात डेव्हिड ह्यूम शिकवला, की दहा वेळा घडलं म्हणून अकराव्या वेळी घडेलच असं नाही, आणि घरी येऊन हेच केलं! आपले नैयायिक ह्याला उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर म्हणाल तर फसाल, कारण धुराला ओलं सरपण लागतं. आमच्या अनुमानातलं ओलं सरपण होतं तळहाताची जाड कातडी. बोटांच्या टोकांतून ते धागे नीट आत जात नाहीत. कोपराच्या आतली कातडी पातळ, तिथे सहज जातात.

काही महिन्यांनी दगड हलवताना नेमकं तिथेच लागलं. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. सौ. म्हणाल्या, ‘गरम पाणी करू का?’ शेजारच्या मुलाने ऐकलं नाही, सरळ रिक्षात घातलं. दवाखान्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं म्हणून आज बोलतो आहोत.

ह्याची गोष्ट जुनी आहे. 1901 साली शार्ल रिशे हा फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर त्या निळ्या फुग्यांच्या विषाचा अभ्यास करत होता. परत आल्यावर त्याने आणि पोर्तिए ह्याने समुद्रफुलांचं विष कुत्र्यांना टोचलं. नेपच्यून नावाचा कुत्रा पहिल्या मात्रेतून बचावला. तीन आठवड्यांनी पुन्हा थोडीशी मात्रा दिली, तर अर्ध्या तासाच्या आत मेला. सवय होण्याऐवजी उलटंच झालं. त्याला त्यांनी 1902 मध्ये ॲनाफिलॅक्सिस नाव दिलं, आणि रिशेला 1913 चं नोबेल मिळालं. म्हणून ‘मागे लागलं होतं, काही झालं नाही’ ह्या वाक्यावर विसंबू नका. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, पण कोणाला होईल हे आधी कळत नाही.

मग करायचं काय? लायनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा, पंचेचाळीस अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते मोडतं. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि लोक भाजून घेतात. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टर, आणि धनुर्वाताची लस. समुद्रफूल लागलं तर नळाचं पाणी ओतू नका, टॉवेलने चोळू नका, दोन्हींनी उरलेल्या कुप्या सुटतात. खाऱ्याच पाण्याने धुवा, चिकटलेलं चिमट्याने काढा, मग गरम पाणी. पण गांधी, सूज, धाप दिसली की हे सगळं सोडून दवाखाना. सौ.ना तेव्हा हा फरक माहीत नव्हता, आम्हालाही नव्हता.

टँक साफ करताना पंपाची आणि हीटरची वीज बंद. काच चुंबकाच्या घासणीने घासा. लायनफिशला लांब चिमट्याने खाऊ घाला, हलवायचा तर जाळीने नको, काटे अडकतात, प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या. पातळ हातमोजे समुद्रफुलाला पुरतात, काट्याला नाही. हात आत असेल तेव्हा मासा कुठे आहे ते बघायला दुसरं माणूस असावं. आमच्याकडे ते काम नातू करतो, आणि तो फार कडक आहे.

एक तिसरा प्रकार राहिला. दगडांवर बटणांसारखे दिसणारे झोअँथिड. ह्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते दगड कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका, वाफेतून आणि उडालेल्या शिंतोड्यांतून घरच्या सगळ्यांना बाधा होते. आणि टणक प्रवाळ, म्हणजे खरं कोरल, विकत घेऊच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो.

कोणीतरी चिठ्ठी पाठवलीये, हातावरची गाठ महिनाभर जात नाही म्हणून. टँकच्या पाण्यातल्या एका जंतूने अशी गाठ येते, क्षयाच्या जंतूचा तो नातेवाईक. डॉक्टरांना टँक आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आमचं समुद्रफूल आम्ही एका परिचितांना दिलं. लायनफिश अजून आहे.