शीळ घालणारं डुक्कर

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं गेल्या वर्षी परसात दुधी आणि घेवडा लावला होता. वेल हातभर झाले आणि एका सकाळी बघते तर सगळे शेंडे खुडलेले, कुंपणाखाली ताजं बीळ. एका बाजूचे शेजारी म्हणाले, हा ‘वुडचक’. दुसऱ्या बाजूच्या आजी म्हणाल्या, ‘ग्राउंडहॉग’. कुंपण दुरुस्त करायला आलेला सुतार ॲपलेशियन डोंगरातला. त्यानं बीळ बघितलं आणि म्हणाला, ‘व्हिसलपिग’. आपल्या बागेवर तीन तीन प्राणी टपलेत, असं ताईला वाटलं. फोनवर मला म्हणाली, “यांना मराठीत काय म्हणतात रे?”

प्राणी एकच आहे. शास्त्रीय नाव मार्मोटा मोनॅक्स. आखूड पाय, तपकिरी केस, वजन दोन ते सहा किलो. दिवसा चरतो, बिळात राहतो आणि हिवाळाभर गाढ झोपतो. त्या झोपेत मिनिटाला ऐंशीच्या आसपास असणारे हृदयाचे ठोके पाच-दहावर येतात. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्या डोंगरदऱ्यांत तो नाहीच. पण अमेरिकेत त्याला जी नावं मिळाली, त्यांतलं एकेक उलगडत गेलो आणि त्या प्राण्यापेक्षा त्याच्याकडे बघणारी माणसंच जास्त दिसायला लागली.

‘वुडचक’ घ्या. इंग्रजीत ‘वुड’ म्हणजे लाकूड आणि ‘चक’ म्हणजे फेकणं. या प्राण्याचा दोन्हींशी संबंध नाही. अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्या मूलनिवासींमध्ये, उदाहरणार्थ क्री लोकांत, ‘ओचेक’ असा शब्द आहे. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या गोऱ्यांच्या कानांना तो ‘वुडचक’सारखा ऐकू आला आणि तोच रुळला. त्यातही मूळ ‘ओचेक’ हा वेगळाच प्राणी. तो झाडांवर चढणारा, लांबुडका शिकारी. इंग्रजीत त्याला ‘फिशर’ म्हणतात. आणि फिशर मासे पकडत नाही! ते नाव युरोपातल्या ‘फिच’ नावाच्या प्राण्यावरून आलं असावं, असं मानतात. म्हणजे एका प्राण्याचं नाव दुसऱ्याला चिकटलं, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचंही नाव उसनंच. पुढे तर ‘चक’ म्हणजेच हा प्राणी असा समज इतका पक्का झाला, की पश्चिमेकडच्या खडकाळ प्रदेशातल्या त्याच्या भाऊबंदाला लोक ‘रॉकचक’ म्हणू लागले. चुकून ऐकलेल्या शब्दाचा तुकडा निघाला आणि त्याला नवी पालवी फुटली. भाषा अशी वाढताना बघणं मला फार आनंदाचं वाटतं.

आपल्याकडे मुलं कच्चा पापड, पक्का पापड घोकतात, तशी अमेरिकेतली मुलं वुडचकनं लाकूड फेकलं तर किती फेकेल, यावरची जीभ वळवणारी ओळ घोकतात. 1988 साली न्यूयॉर्क राज्याच्या पर्यावरण खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्याचं गणित मांडलं. हा प्राणी बीळ खोदताना जेवढी माती उपसतो, तेवढ्या आकारमानाचं लाकूड धरलं तर ते सुमारे सातशे पौंड, म्हणजे तीनशेहून अधिक किलो भरतं. कोड्यातलं लाकूड खोटं, पण त्याखालची माती अगदी खरी.

‘व्हिसलपिग’ म्हणजे शीळ घालणारं डुक्कर. डुक्कर अंगावरच्या चरबीमुळे, आणि शीळ धोका दिसला की तो घालतो म्हणून. तीक्ष्ण, उंच स्वराची ती शीळ ऐकून आसपासचे सगळे बिळात गडप होतात. कॅनडातल्या फ्रेंच भाषकांनीही हीच खूण पकडली आणि त्याला ‘सिफ्लो’, म्हणजे शीळवाला म्हटलं. 2010 च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बर्फावरच्या अनेक शर्यती जिथे झाल्या, त्या व्हिस्लर गावाचं नावही याच्याच एका डोंगरी भाईबंदाच्या शिळेवरून पडलं आहे.

बिळातल्या प्राण्याला डुक्कर म्हणणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्या घुशीला तेलुगूत ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. डिवचली की ती डुकरासारखी गुरगुरते. या तेलुगू शब्दाचा इंग्रजांनी ‘बँडिकूट’ केला, तो जहाजातून ऑस्ट्रेलियाला नेला आणि तिथल्या लांब नाकाच्या, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांना देऊन टाकला. आता ऑस्ट्रेलियातला बँडिकूट कांगारूच्या गोतातला आणि आपली घूस उंदराच्या, पण दोघांचं नाव एक.

युरोपातून अमेरिकेत गेलेले लोक नावं जशी घेऊन गेले, तशा समजुतीही. जर्मनीत 2 फेब्रुवारीला बॅजर बिळाबाहेर येतो का, त्याला स्वतःची सावली दिसते का, यावरून हिवाळा किती लांबणार ते सांगत. पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मनांना बॅजर काही दिसेना, म्हणून ते काम त्यांनी ग्राउंडहॉगवर सोपवलं. पंक्सटॉनी गावात 1887 पासून हा सोहळा चालू आहे. पेन स्टेट विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ स्टॅम झेरव्हानोस यांच्या निरीक्षणात एक सुंदर गोष्ट पुढे आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नर खरोखरच बिळाबाहेर येतात. ते येतात माद्यांची बिळं कुठे आहेत ते हेरायला, आणि मग परत जाऊन झोपतात. तारीख बरोबर, कारण वेगळं.

एवढी नावं असली तर बिघडलं कुठे? बिघडतं. कधी एकच नाव अनेकांना असतं: अमेरिकेत ‘गोफर’ म्हणालात तर मिनेसोटात जमिनीवरची छोटी खार समजतील आणि फ्लोरिडात कासव. आणि कधी एकालाच अनेक नावं: हवामानाच्या बातमीत आपला प्राणी कायम ग्राउंडहॉग असतो, तर वैद्यकीय शोधनिबंधांत वुडचक. या प्राण्याच्या यकृतात माणसाच्या हिपॅटायटिस ‘बी’सारखा विषाणू सापडला आणि 1978 साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी तो जाहीर केला. यकृताचा कर्करोग कसा होतो हे समजायला आणि औषधं पारखायला त्याचा फार उपयोग झाला. सावली बघणारा तो आणि माणसाला जगायला मदत करणारा हा एकच आहे, हे कित्येकांना माहीत नसतं.

हा गुंता सुटावा म्हणून लिनियसनं 1758 साली त्याला लॅटिन धाटणीचं नाव दिलं. पण त्यातला ‘मोनॅक्स’ हा शब्दही अल्गोंक्वियन भाषांमधूनच आलेला आहे आणि त्याचा अर्थ खोदणारा. सगळ्या नावांत नेमकं बसलेलं नाव, त्याला आधीपासून ओळखणाऱ्यांचंच.

याच्या गोताची एक शाखा आपल्या देशातही आहे. पँगाँगच्या वाटेवर गाड्या थांबवून लोक ज्या गुबगुबीत प्राण्याला बिस्किटं देतात (ती देऊ नयेत, त्याच्या पोटाला ती सोसणारी नव्हेत), तो हिमालयी मार्मोट. लडाखी लोक त्याला ‘फिया’ म्हणतात. नावांचा सगळ्यात जुना घोळ कदाचित याच्याच नावावर असेल. कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या भारताच्या सीमेवर सोनं उकरतात, असं हिरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलं. महाभारताच्या सभापर्वातही मुंग्यांनी काढलेलं ‘पिपीलिक’ सोनं भेट म्हणून आल्याचा उल्लेख आहे. फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल देवसाईच्या पठाराजवळ गेले, तेव्हा तिथल्या मिनारो लोकांनी त्यांना सांगितलं की आमचे पूर्वज मार्मोटनं उपसलेल्या मातीतून सोन्याचे कण वेचत. जुन्या फारसीतलं मार्मोटचं नाव ‘डोंगरातली मुंगी’ अशा अर्थाचं होतं आणि ग्रीकांनी ते शब्दशः घेतलं, असा पेसेल यांचा तर्क. मला तो पटतो.

पँगाँगच्या त्याच वाटेवर माझी एका मराठी कुटुंबाशी गाठ पडली होती. वडील म्हणाले, “बघ, केवढी घूस!” सात-आठ वर्षांची मुलगी ठामपणे म्हणाली, “घूस नाही बाबा, खार आहे ती.” मुलगी बरोबर होती. सगळे मार्मोट खारीच्याच कुळातले.

ताईला मी तेच कळवलं, की तुझा चोर आपल्या भीमाशंकरच्या शेकरूच्या गोतातला आहे. या वर्षी तिनं दुधीभोवती जाळी लावली आहे, फूटभर जमिनीत पुरून. आणि तिची धाकटी लेक आता त्याला ‘बिळातलं शेकरू’ म्हणते.