वजनकाट्याला न दिसणारे लिव्हर

कामठ्यासारख्या गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या गावात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे छापून आले की दोनच प्रश्न विचारले जातात: दारू घेतो का, आणि अंगाने जाड आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर रिपोर्ट घडी घालून पिशवीत जातो. हे दोन्ही प्रश्न अपुरे आहेत. ते का अपुरे, हे कळायला मदत झाली ती गावाला परकी वाटणाऱ्या एका उपचाराची, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची.

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. रोममधल्या डॉक्टरांनी लिव्हरवर चरबी आणि सूज असलेल्या २८८ लठ्ठ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ५६-५७ टक्के रुग्णांची सूज गेली होती आणि व्रण वाढले नव्हते; आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. हे केवळ पोट लहान झाल्याने घडते का? आतड्यातून निघणारे रक्त शरीरभर फिरण्याआधी लिव्हरमध्ये येते, त्यामुळे आतड्यातल्या जिवाणूंनी जे काही तयार केले ते आधी लिव्हरच्याच वाट्याला येते. बायपासनंतर पित्ताची वाट बदलते, जिवाणूंची वस्तीही बदलते. २०१३ मध्ये अमेरिकेत बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले, तेव्हा सुरीला हात न लावता त्यांचे वजन उतरले. चिनी संशोधकांना २०१९ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट दिसली: फॅटी लिव्हरच्या तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या आतड्यात दारू गाळणारे जिवाणू होते. न पिणाऱ्याच्या पोटातच भट्टी!

यावर आक्षेप येईल की उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि खरे काम वजन उतरल्यानेच होते. आक्षेपात तथ्य आहे. क्युबातल्या अभ्यासात नुसत्या आहार-व्यायामाने दहा टक्के वजन घटवणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांची सूज गेली. पण तेवढे घटवणे फार थोड्यांना जमले. म्हणून जिवाणूंना एकटे गुन्हेगार ठरवू नये, आणि औषध दुकानातल्या ‘प्रोबायोटिक’ पुड्यांवर पैसे तर मुळीच घालू नयेत. शस्त्रक्रियाही सरसकट उपाय नाही. तिच्यानंतर जीवनसत्त्वे आणि लोह जन्मभर घ्यावे लागते, आणि दारू जास्त वेगाने चढते. मोहाची दारू सहज मिळणाऱ्या भागात हा धोका लहान नाही.

शिवाय आपल्याकडचा बराचसा आजार शस्त्रक्रियेच्या निकषांत बसणारच नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम या भातपिकाच्या ग्रामीण जिल्ह्यात ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आढळले, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या आत होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापून हेच दाखवले: दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अशा माणसाला काटा ‘ठीक’ म्हणतो. मग भात सोडायचा का? नाही. रोवणी-कापणीच्या कष्टाचे दिवस यंत्रांमुळे घटले असतील, तर ताटातला भात त्या मानाने घटवून वरण-भाजी वाढवणे आणि गोड पेये बंद करणे एवढे तरी करता येते. सडपातळ माणसाचेही थोडे वजन उतरले तर लिव्हरला फायदा होतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले आहे. तेव्हा रिपोर्ट पिशवीत टाकण्याआधी कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर साखर तपासून घ्या. वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट या चार आकड्यांवरून लिव्हरवरच्या व्रणांचा अंदाज देणारा ‘फिब-४’ काढता येतो. तो १.३ च्या वर आला, तर पुढच्या तपासणीसाठी कुठे जायचे हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.