बॅकअप घेतलाय, पण तो परत येतो का? घरचा कॉम्प्युटर बसल्यावर आधी काय करावं

बुऱ्हाणपूर : बुऱ्हाणपुरात घरचा कॉम्प्युटर नुसता घरचा नसतो. पुढच्या खोलीतल्या त्याच मशीनवर पॉवरलूमचा किंवा केळीच्या व्यापाराचा हिशेब टॅलीत चालतो, मुलांचे फोटो त्याच्यातच, सरकारी कचेरीचे हिंदी अर्ज आणि नातेवाइकांना पाठवायच्या मराठी लग्नपत्रिकाही त्याच्यातच. मग एक दिवस लाइट येते-जाते आणि विंडोज उघडायचंच नाव घेत नाही. मशीन दुकानात नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘फॉरमॅट मारावं लागेल.’

त्याला लगेच ‘हो’ म्हणू नये. विंडोज बिघडणं वेगळं आणि हार्ड डिस्क जाणं वेगळं. पहिल्या प्रकारात फायली बहुतेक वेळा जागेवरच असतात. डिस्क साध्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्या उतरवून घेता येतात. फॉरमॅट हे त्यानंतरचं काम. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल, तर मात्र मशीन बंद करून ठेवावं. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्यात उरलंसुरलंही जातं.

हिशेबापुरता हा प्रश्न कायद्याचाही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची वह्या-कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणजे २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचं होतं, तर त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवा. आणि हिशेब कॉम्प्युटरवर असेल, तर २०१७ च्या नियमांतला ५७ वा नियम नुसता बॅकअप घ्या म्हणून थांबत नाही. अपघाताने नोंदी नष्ट झाल्या, तर वाजवी वेळेत माहिती परत उभी करता येईल अशा रीतीने तो ठेवा, असं तो सांगतो. पेनड्राइव्ह कपाटात आहे, एवढ्याने भागत नाही.

आता परत आणण्याचं काम. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू झालं नाही की बहुतेक वेळा दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तो आला नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवावा, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून मशीन सुरू करून ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर’ निवडावं. इथे दोन नावांत गल्लत होते. ‘सिस्टिम रिस्टोर’ फक्त विंडोजच्या फायली आणि सेटिंग मागच्या तारखेवर नेतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्याच्या हिशेबात नसतात. ‘सिस्टिम इमेज’ मात्र अख्खी डिस्क त्या दिवसावर नेऊन ठेवते आणि त्यानंतरचं सगळं पुसते. इमेज दिवाळीतली असेल आणि मशीन मार्चमध्ये बसलं असेल, तर मधल्या महिन्यांची बिलं गेली. म्हणून क्रम असा : आधी जुन्या डिस्कवरून जे वाचता येईल ते बाहेर काढायचं, मग इमेज टाकायची, मग तिच्यावर नव्या तारखेच्या फायली.

इमेजच्या दोन खोडी दुकानात बऱ्याचदा उशिरा लक्षात येतात. बाहेरच्या डिस्कवर विंडोज ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचा फोल्डर करतं. त्याला ‘घरचा बॅकअप’ असं आपलं नाव दिलं किंवा तो दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकला की तो विंडोजला सापडत नाही. दुसरं म्हणजे नवी डिस्क निदान जुनीइतकी मोठी लागते. १ टीबीची डिस्क काढून स्वस्तात ५१२ जीबीची एसएसडी बसवली, तर आतला डेटा १०० जीबीच असला तरी इमेज बसत नाही. आधी विचारलं असतं तर, असं म्हणायची वेळ तिथे येते.

विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या मशीनमध्ये डिस्कला आतून कुलूप असतं. दुरुस्तीच्या वेळी ते ४८ आकडी चावी मागतं. ही चावी साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. आपल्याकडे ते खातं कितीदा तरी मशीन विकणाऱ्यानेच स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडून दिलेलं असतं! मशीन चालू आहे तोवर ही चावी कागदावर उतरवून घ्यावी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे लोकही याच चाव्या शोधत बसले होते.

टॅलीचा डेटा परत घेणं त्यामानाने सोपं. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की बॅकअप आणि रिस्टोर दोन्ही दिसतात. मात्र त्याच फोल्डरमध्ये तीच कंपनी आधीपासून असेल, तर जुना बॅकअप ताज्या नोंदींवर बसतो. रिस्टोर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करावं, शेवटच्या बिलाचा नंबर आणि बँकेची शिल्लक जुळवावी, मगच कामाला लागावं. नव्या आवृत्तीचा डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही, तेव्हा आवृत्तीही लिहून ठेवलेली बरी.

सगळं परत आलं तरी सीमाभागातल्या घराला एक धक्का बसतोच. हिंदी अर्ज कृतिदेवमध्ये, मराठी मजकूर शिवाजी किंवा श्रीलिपीमध्ये. नव्या विंडोजवर फायली उघडल्या की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी. फाइल खराब झाली समजून लोक ती उडवून टाकतात. फाइल ठणठणीत असते, फक्त फॉन्ट नसतो. विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ बॅकअपमध्ये ठेवला असेल, तर त्यातला फॉन्ट पुन्हा टाकला की अक्षरं जागेवर येतात. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला हा त्रास नाही.

बॅकअप चालतो की नाही हे मशीन बसल्यावर कळून उपयोग नसतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून चालू डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि ऐनवेळी एकही धड चालली नाही. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. घरी चाचणीला अर्धा तास पुरतो : बाहेरची डिस्क जोडायची, एक टॅली कंपनी, एक लग्नपत्रिका आणि एक फोटो दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहायचा आणि डिस्क लगेच काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्याही हाती लागते. ३१ मार्चला जगभर ‘बॅकअप दिन’ पाळतात. खातेवही बंद करायची तारीखही तीच.