घासलेटाच्या डब्यात पाणी भराल का?

मैत्रिणींनो, माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला की परत ठेवतो. शंभर-दोनशे रुपयांच्या माठाची एवढी पारख करणाऱ्या आपण, गावाच्या पाण्याचे पाइप आले की मात्र "ते पुरुषांचं काम" म्हणून बाजूला होतो. खरं तर जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असं ठरलेलं आहे. मग नुसती सही करून कसं चालेल?

आमच्या भागातल्या एका वाडीत विहिरीपासून टेकडीवरच्या टाकीपर्यंतचे पाइप बदलायचे होते. नवे परवडेनात, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. एका भंगारवाल्याकडे कारखान्यातले पाइप अगदी स्वस्तात मिळत होते. दिसायलाही झकास, वरून ताजा रंग! "धुऊन घेतले की झालं," असं सगळे म्हणू लागले. तेवढ्यात समितीतल्या एक आजी म्हणाल्या, "घासलेटाचा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी भरता का रे?" बैठक गप्प झाली.

जुन्या पाइपाची पहिली परीक्षा हीच. आधी यातून काय वाहत होतं? कारखान्यात पाण्याच्या पाइपाला समुद्री हिरवा आणि आम्लाच्या पाइपाला गडद जांभळा रंग देण्याची पद्धत आहे, पण रंग काय, पुन्हा मारता येतो. रसायन, तेल गंजाच्या थरात मुरून बसतं. आधीचा इतिहास सांगता येत नसेल, तर तो पाइप पिण्याच्या पाण्याला नकोच, फुकट मिळाला तरी! वाडीने तो माल नाकारला आणि बंद पडलेल्या जिनिंगमधले आग विझवण्याच्या पाण्याचे पाइप घेतले. त्यातून पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं, हे तिथल्या जुन्या कामगारांनीच सांगितलं.

पुढची तपासणी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी केली. आधी आतला गंज खरवडून काढला, कारण खड्डे त्या पापुद्र्याखालीच लपतात. मग एका टोकाला बॅटरी धरून दुसऱ्या टोकातून पाहिलं. लांबीची शिवण तपासली, टोकाचे आटे पाहिले. आटे पाडताना पत्रा कापला जातो, म्हणून पाइप तिथेच आधी दगा देतो. जाडी मोजायचं यंत्र वर्कशॉपमधून आणलं होतं. सोनोग्राफीसारखंच, जेलसुद्धा लावायची! दोन इंची मध्यम पाइपाची मूळ जाडी 3.6 मिलिमीटर असते. काही पाइप एका बाजूने जेमतेम दोनवर आले होते. आडव्या पाइपात गाळ तळाशी बसतो, तीच बाजू झिजलेली.

शेवटी दाबाची परीक्षा. हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब. टाकी चाळीस मीटर वर, म्हणजे चार किलो. पंपाचा जोर धरून काकांनी पाच धरले आणि त्याच्या दीडपट, साडेसात किलोवर पाइप तपासले. टोकं बंद करून पाणी भरलं, वरच्या तोटीतून हवा पूर्ण जाऊ दिली, मग हातपंपाने हळूहळू दाब चढवला. "हवेनेच का नाही तपासत? पाणी वाचेल," असं एकीने विचारलं. काकांनी लगेच हात जोडले. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, पाइप फाटला तर पाणी गळतं आणि दाब उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते, फाटली की तुकडे उडवते. पाणी असलं तरी पोरांना लांबच ठेवलं होतं. काम सकाळीच उरकलं, कारण ऊन चढलं की पाणी तापून काटा आपोआप वर जातो आणि बारीक गळती लपते.

एका पाइपाच्या शिवणीवर घामासारखे थेंब आले. "एवढ्याने काय होतंय, एम-सील लावू," असं कुणीतरी म्हणालं. बायकांनी ऐकलं नाही!

जोडणी झाल्यावर पाइपांत ब्लीचिंगचं पाणी चोवीस तास भरून ठेवलं, मग भरपूर पाणी सोडून धुतले. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल येईपर्यंत बायकांनी जुन्याच विहिरीवरून हंडे वाहिले.

नापास झालेले पाइप आता एका गोठ्याच्या छपराला खांब म्हणून उभे आहेत. पुन्हा कुणी पाण्याला जोडू नयेत म्हणून काकांनी प्रत्येकाला मधोमध भोक पाडून दिलं आहे.