गरगरतो कान, आखडते मान

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या किल्ल्यावर चढताना कुणाला भोवंड आली, की सोबतचे सांगून मोकळे होतात: पित्त, नाहीतर मानेचा मणका. दोष पुष्कळदा आतल्या कानात असतो. तोल सांभाळणाऱ्या तिथल्या इंद्रियाचा हुकूम मानेच्या स्नायूंना थेट जातो. कानात मोठा टक्‌ आवाज सोडला, तर ताणलेला मानेचा स्नायू सुमारे १३ मिलिसेकंदांत क्षणभर सैल पडतो. कोलबॅच आणि हॅल्मागी या संशोधकांनी १९९२ मध्ये हे नोंदवलं. कानातल्या तोलाच्या इंद्रियाची ‘व्हेंप’ तपासणी त्यावरच चालते. चावण्याच्या स्नायूतही असा प्रतिसाद मिळतो. मेनियरच्या विकारात, म्हणजे कानातला द्रव वाढतो तेव्हा, मानेतला हा प्रतिसाद अनेकदा क्षीण होतो.

मग आखडलेली मान? भोवंडीच्या धास्तीने रुग्ण डोकं हलवत नाही, काहीजण दात आवळतात, स्नायू दुखणारच. याउलट जबड्याचा सांधाच कान बिघडवतो, असं डॉ. कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये मांडलं होतं, पण त्याचं शारीरिक स्पष्टीकरण टिकलं नाही.

गरगरण्यासोबत कानात गुणगुण असेल, ऐकू कमी येत असेल, तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग गाठावा. मान मोडून घेण्याचा घरगुती उद्योग मात्र टाळाच. बोबडी वळली किंवा हात-पाय लुळा पडला, तर तातडीचा विभागच.