रोज एक वचन : ३०० वर्षांपूर्वीचं ‘नोटिफिकेशन’ नेमकं काय आहे?

सकाळी मोबाइलवर बायबलचं एक वचन पाठवणारी अ‍ॅप्स आज ढिगाने आहेत. कल्पना मात्र जुनी. जर्मनीतल्या हेर्नहुट गावात १७२८मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांनी मोरावियन बांधवांना दिवसासाठी एक वचन दिलं. मग रोजचं वचन घरोघरी जाऊन सांगितलं जाऊ लागलं. १७३१पासून त्याची वार्षिक पुस्तिका निघते, नाव ‘लोझुंगेन’.

जुन्या करारातलं वचन चक्क चिठ्ठ्या काढून ठरतं. त्याला जुळणारं नव्या करारातलं वचन विचारपूर्वक निवडतात. म्हणजे आपल्या सोयीचंच समोर येईल, याची खात्री नाही. अल्गोरिदमच्या काळात हेच विशेष.

जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर ही वचनं नेमाने वाचत. जून १९३९मध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. तिथल्या त्यांच्या डायरीत या वचनांच्या नोंदी आहेत. महिनाभरातच ते हिटलरच्या जर्मनीकडे परत निघाले. आता लोझुंगेन म्हणजे मन गोंजारणारा सुविचार, असं कोण म्हणेल?

एप्रिल १९४३मध्ये त्यांना अटक झाली. तुरुंगातून धाडलेल्या पत्रांतही त्या-त्या दिवसाच्या वचनाचा उल्लेख येतो.