बुरशी फुप्फुसात शिरते तेव्हा

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा कपाटातील चामडी जोड्यांवर जी बुरशी धरते, तिच्या कुळातील काही मंडळी माणसाच्या शरीरातही बिऱ्हाड करतात, ही गोष्ट २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरही नव्हती. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस आला, अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातलग वणवण फिरले आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघर पोचला. भाषेचे अध्यापन करणाऱ्या आम्हांस या शब्दाविषयी एक तक्रार आहे. ती बुरशी मुळात काळी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजविते आणि रक्तावाचून मेलेले मांस काळे पडते. तेव्हा काळेपणाची वाट पाहत बसावे, तर निदानाची वेळ टळून गेलेली असते.

त्या साथीत बहुतेकांचा विकार नाक, डोळा व जबडा यांच्या आसपास होता. फुप्फुसातील बुरशी मात्र अशी दृष्टीस पडत नाही. म्हणून तिचे निदान अधिक बिकट.

या रोगांत प्रमुख नाव अ‍ॅस्परजिलसचे. फ्लॉरेन्स येथील मिकेली या धर्मगुरू-वनस्पतिज्ञाने १७२९ साली ते ठेवले. चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या उपकरणासारखा तिचा आकार त्याला भासला होता. तिचे बीजकण मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांएवढे. ते हवेत सर्वत्र असतात आणि आपण सारे ते रोजच हुंगतो. धडधाकट माणसाच्या फुप्फुसातील भक्षक पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. परंतु रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या, मूत्रपिंडाचे रोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, मधुमेह आटोक्याबाहेर गेलेले, अशा रुग्णांत हा पहारा ढिला पडतो.

येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. ताप, कफ, सूज ही लक्षणे बऱ्याच अंशी शरीराने दिलेल्या झुंजीची असतात. झुंजणारे सैन्यच नसेल, तर रणधुमाळी ऐकू येणार कोठून? अशा रुग्णास कधी केवळ ताप असतो, आणि तो प्रतिजैविकांना दाद देत नाही. कधी कोरडा खोकला, छातीत कळ, थुंकीत रक्त. क्ष-किरण चित्र प्रारंभी स्वच्छही येऊ शकते. आपल्या देशात खोकला आणि छातीत डाग म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो येणे योग्यच आहे; पण पुरावा नसताना क्षयाच्याच गोळ्या चालू राहिल्या, तर मोलाचे दिवस हातचे जातात.

सी. टी. स्कॅन अधिक सांगतो. फुप्फुसातील गाठीभोवती धुरकट कडे दिसते. चंद्राला खळे पडावे तसे. ते कडे म्हणजे गाठीभोवती झालेला रक्तस्राव. हे खळे थोड्याच दिवसांत विरते, म्हणून स्कॅन वेळेवर व्हावा लागतो. म्युकरमध्ये पुष्कळदा याच्या उलट, आत धुके आणि बाहेर घट्ट कडे दिसते. तथापि ही चिन्हे इतर रोगांतही आढळतात.

मग थुंकी तपासावी, असे कोणीही म्हणेल. पण थुंकीत बुरशी सापडली म्हणून रोग ठरत नाही, कारण ती नुसती श्वासाबरोबर आलेली असू शकते. आणि सापडली नाही म्हणून रोग नाही, असेही नाही. अ‍ॅस्परजिलसच्या भित्तिकेतील गॅलॅक्टोमॅनन हे द्रव्य रक्तात शोधता येते. पांढऱ्या पेशी फार घटलेल्या रुग्णांत ही चाचणी बरी उपयोगी पडते. इतरांत दुर्बिणीची नळी फुप्फुसात घालून, तेथे सलाइन सोडून परत ओढलेल्या द्रवात तिचा शोध अधिक लागतो. म्युकर मात्र या चाचणीत सापडतच नाही. निःसंशय पुरावा म्हणजे फुप्फुसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, आडपडद्यांचे आणि लघुकोनात फुटणारे. म्युकरचे रुंद, फितीसारखे, बहुधा पडद्यांवाचून, काटकोनाकडे झुकणारे. पण रक्तकणिका घटलेल्या रुग्णाचा तुकडा काढताना रक्तस्रावाचे भय, म्हणून पुष्कळदा तो काढताच येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनाझोल हे पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी एक. म्युकरवर ते निष्प्रभ. तेथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागते, आणि मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो. संशोधकांनी निदानाच्या ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ व ‘शक्य’ अशा तीन पायऱ्या मानल्या आहेत. रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना मात्र ‘सिद्ध’ची वाट पाहणे परवडत नाही, न्यायाधीशाला लाभणारी सवड त्यांना नसते. चाचण्या पाठवून ते औषध सुरू करतात. पुरावा आला नसताना महागडे औषध का, असे नातलगांस वाटते. त्याचे उत्तर यात आहे.

कधी क्रम उलटाही होतो. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांत न्यूमोसिस्टिस या सूक्ष्मजीवाचा न्यूमोनिया आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आज त्याची गणना बुरशीत होते. प्रतिकारशक्ती खचल्याखेरीज सहसा न होणारा हा रोग धडधाकट तरुणांत कसा, या प्रश्नातूनच पुढे एड्सची ओळख पटली.

घरच्यांनी डॉक्टरांना काय सांगावे, हे येथे नोंदवून ठेवतो. रुग्णाने गेल्या काही महिन्यांत घेतलेले प्रत्येक औषध दाखवावे; दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या नावाखाली कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्याही, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. साखरेचे जुने अहवाल न्यावेत. पूर्वी क्षय झाला होता का आणि घरात ओल किंवा भिंती पाडण्याचे काम चालू आहे का, हेही सांगावे.